ठोकळे ओले राहिले

“मग चूक कोणाची, मॅडम?”

देवतळे सरांनी हे तिसऱ्यांदा विचारलं.

वैरागडे मॅडम आमच्या शाळेच्या व्हरांड्यात खाली बसल्या होत्या. त्यांनी सिमेंटच्या नव्या कोब्यावर तळहात ठेवला, हळूच फिरवला आणि उलटा करून पाहिला.

तळहात राखाडी झाला होता.

देवतळे सर खाली बसले नव्हते. त्यांचे बूट फार स्वच्छ होते. कोब्यावर वर्तमानपत्र अंथरून ते त्यावर उभे होते.

देवतळे सर विद्यापीठात सिमेंटवर संशोधन करतात आणि मॅडम त्यांच्या मार्गदर्शक आहेत. नेहमीच्या सिमेंटसाठी चुनखडी भट्टीत भाजावी लागते आणि ती भाजताना हवेत खूप कार्बन जातो. आमच्या गावातून सिमेंट कारखान्याची चिमणी दिसते, त्यामुळे हे आम्हांला वेगळं शिकवावं लागत नाही. देवतळे सरांनी नेहमीचं सिमेंट निम्मंच घेतलं आणि उरलेल्या जागी भाजलेली चिकणमाती आणि कच्च्या चुनखडीची पूड घातली. त्यामुळे कार्बन चाळीस टक्के कमी होतो. त्या सिमेंटचा पहिला कोबा त्यांनी मार्चमध्ये आमच्या व्हरांड्यात घातला. तेव्हा पेढे वाटले होते.

त्याला आता चाळीस दिवस झाले होते. कोब्यातून पूड सुटत होती.

व्हरांड्यात तिसरीचा वर्ग भरतो; त्या दिवशी तो बाहेर झाडाखाली बसवला होता. मुलं उठली की त्यांचे कपडे मागून पांढरे झालेले असत. चौथीची मुलं त्यांना पीठगिरणी म्हणत. खिचडी खाताना दाताखाली कचकच लागे. तिसरीतल्या एका मुलीला खोकला झाला होता. तिच्या आईने तिला शाळेत पाठवणं बंद केलं होतं.

देवतळे सरांच्या हातात अहवाल होता. कोबा का बिघडला, ते त्यांनी शेवटच्या पानावर लिहिलं होतं. कोबा घातल्यावर पाणी मारायचं काम शाळेत खिचडी शिजवणाऱ्या जैवंताबाई आत्राम यांच्याकडे होतं. त्यांनी ते नीट केलं नाही, असं त्या पानावर होतं.

हेडसरांच्या खिशात एक पत्र होतं. सोमवारपासून जैवंताबाईंनी स्वयंपाकाला येऊ नये, असं त्यात लिहिलं होतं. त्या अकरा वर्षं खिचडी शिजवत आहेत. अहवालावर मॅडमची सही झाली की पत्र द्यायचं, असा वरून निरोप होता. हेडसरांनी हे सकाळीच जैवंताबाईंना सांगितलं होतं. हेडसर चांगले आहेत, म्हणून त्यांनी ते खाली बघत सांगितलं.

जैवंताबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. तांदूळ धुवायचे राहिले होते.

आमच्या आठवीच्या वर्गाची खिडकी व्हरांड्याकडे उघडते. गणिताचा तास होता, पण गुरुजींनी खडू खाली ठेवला होता. तेही ऐकत होते.

“कागदावर सगळं आहे,” देवतळे सर म्हणाले. “फक्त तुमची सही हवी. तुमच्या सहीशिवाय हे कोणी खरं मानणार नाही.”

मॅडमनी विचारलं, पुरावा काय.

ते ऐकून देवतळे सरांना बरं वाटलं. ते गाडीपाशी गेले आणि ड्रायव्हरच्या मदतीने एक एक करून तीन जड गाठोडी घेऊन आले. व्हरांड्याच्या कडेला हेडसरांचं टेबल होतं. गाठोडी त्यांनी टेबलावर ठेवली. एक सोडलं. आत काँक्रीटचा ठोकळा होता.

आमच्या वितेएवढा, सगळ्या बाजूंनी सारखा. ओला आणि गडद रंगाचा. त्याच्या कडा इतक्या सरळ होत्या की पट्टी लावून बघावंसं वाटलं.

कोबा घातला त्या दिवशी त्याच काँक्रीटचे नऊ ठोकळे केले होते, असं सरांनी समजावून सांगितलं. ते दुसऱ्या दिवशी साच्यातून काढून प्रयोगशाळेत नेले आणि पाण्याच्या टाकीत ठेवले. तिथे पाण्याचं तापमान एक अंशसुद्धा इकडचं तिकडे होत नाही. अठ्ठावीस दिवसांनी सहा ठोकळे यंत्रात दाबून फोडले. पाहिजे होती त्याहून जास्त ताकद निघाली. उरलेले हे तीन.

सरांनी ठोकळ्यावरून तळहात फिरवला आणि तो मॅडमना दाखवला. हात स्वच्छ होता.

“काँक्रीट एकच होतं, मॅडम. ठोकळा पास झाला, कोबा नापास झाला. मध्ये काय आलं? माणूस आला.”

माणूस म्हणताना त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलंसुद्धा नाही. मला वाटतं, आम्हांला राग तिथूनच यायला लागला.

मॅडमनी अहवाल हातात घेतला. शेवटचं पान काढलं. वाचलं. मग ते पान त्यांनी सरांकडे परत दिलं.

“हे वाक्य जैवंताबाईंना वाचून दाखव.”

“ते इंग्रजीत आहे, मॅडम.”

“मराठीत वाच.”

सरांनी घसा साफ केला.

“स्थानिक कामगाराच्या निष्काळजीपणामुळे… कोब्याला पुरेसं पाणी मिळालं नाही.”

जैवंताबाई दारातून पुढे आल्या. हात पदराला पुसले.

“स्थानिक कामगार म्हणजे मीच ना जी?”

सर म्हणाले, नाव कुठेच लिहिलेलं नाही. जणू त्यांनी उपकारच केले होते.

“गावात दुसरं कोन पाणी टाकत होतं?”

सरांनी पान खाली केलं.

मग जैवंताबाई बोलल्या. त्या मोठ्याने बोलल्या नाहीत. शाळेची बोअर मार्चमध्ये आटते, हे त्यांनी आधी सांगितलं. मग सांगितलं, की त्यांनी वेशीजवळच्या हातपंपावरून पाणी आणलं. सकाळी वीस हंडे, खिचडी झाल्यावर वीस, आणि दिवस मावळायच्या आत आणखी जितके जमतील तितके. चौदा दिवस. मधे एक दिवस नवऱ्याला दवाखान्यात न्यायचं होतं, तेव्हा सुनेला पाठवलं. सुनेचे हंडे मात्र मोजले नव्हते, असंही त्यांनी खरं खरं सांगून टाकलं.

देवतळे सरांनी मध्येच थांबवलं. ते म्हणाले, हंडे कोणी विचारले नव्हते. मार्च असला तरी इथलं ऊन काय असतं ते सगळ्यांना माहीत आहे. वरून हंडा ओतला की अर्ध्या तासात कोबा पुन्हा कोरडा. आणि या सिमेंटला नेहमीच्यापेक्षा जास्त दिवस ओल लागते. म्हणून तर पहिल्याच दिवशी त्यांनी ओली पोती पसरायला सांगितली होती.

“चौदा दिवस पोती हलवायची नाहीत, असं मी तुमच्यासमोर बोललो होतो की नाही?” त्यांचा आवाज चढला. “हो म्हणाला होतात तुम्ही. मग पोती कुठे गेली?”

जैवंताबाई सरांकडे बघत नव्हत्या. त्या टेबलाकडे बघत होत्या.

“हे काय जी,” त्या म्हणाल्या. “तुमच्याचपाशी आहेत.”

ठोकळ्याखाली ओलं पोतं पडलं होतं. जैवंताबाईंनी त्याचं एक टोक उचललं. तिथे फाटलेलं होतं आणि लाल दोऱ्याने शिवलेलं होतं. शाळेच्या तांदळाची रिकामी पोती फाटली की त्याच शिवतात. लाल दोरा त्यांच्या पोलक्याचा उरलेला होता, असं त्यांनी सांगितलं. दुसरं गाठोडं त्यांनी स्वतःच सोडलं. त्या पोत्यावरही लाल शिवण होती.

ती आपणच नेली होती, हे देवतळे सर विसरूनच गेले असावेत.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. थोडं जैवंताबाईंनी सांगितलं, थोडं हेडसरांनी.

शाळेतली आणि घरोघरून मागून आणलेली अशी चौदा पोती जैवंताबाईंनी जमवली होती. भिजवून कोब्यावर पसरली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी देवतळे सर ठोकळे न्यायला आले. प्रयोगशाळा दोन तासांच्या रस्त्यावर आहे. साच्यातून काढलेले ठोकळे रस्त्यात सुकता कामा नयेत. सरांनी इकडेतिकडे पाहिलं. ओली पोती समोरच होती. त्यांनी ती कोब्यावरून उचलली. एका ठोकळ्याला एकेक पोतं गुंडाळलं आणि उरलेली पाच ठोकळ्यांना धक्का लागू नये म्हणून मधे घातली. गाडीच्या काचा बंद केल्या, थंड हवा सुरू केली.

जैवंताबाईंनी तेव्हा विचारलं होतं, कोब्याचं काय. उद्या पाठवतो, असं सर म्हणाले होते.

हेडसरांनी तीनदा फोन केला. पहिल्यांदा सर बैठकीत होते. दुसऱ्यांदा गाडी नव्हती. तिसऱ्यांदा फोन उचलला नाही. हे सांगताना हेडसरांनी मान वर केली. सकाळपासून पहिल्यांदाच.

पोती आली नाहीत, तेव्हा जैवंताबाईंनी घरातल्या तीन साड्या आणून भिजवून पसरल्या. साडी पातळ. दुसरा हंडा आणेपर्यंत ती वाळून उडायला लागायची. वर दगड ठेवायचे. एका साडीचा रंग गेला. पायरीजवळ कोब्यावर गुलाबी डाग आहे. आम्ही समजत होतो की तो धुळवडीचा आहे, आणि त्यावरून सहावीच्या मुलांना छड्याही बसल्या होत्या.

देवतळे सर टेबलाला धरून उभे होते.

“मॅडम, ठोकळे सुकले असते तर सगळंच गेलं असतं,” ते म्हणाले. “तीन वर्षांचं काम आहे माझं. लोक ठोकळ्यांचे आकडे बघतात.”

“आणि कोबा?”

“कोबा… कोबा पुन्हा घालता येतो.”

मॅडमनी मान हलवली. जणू त्यांना ते पटलं होतं.

मग त्यांनी विचारलं, नेहमीच्या सिमेंटचा कोबा घातला असता तर कार्बन शंभर धरू. तुझा कोबा किती? सर म्हणाले, साठ. हा फोडून तसाच दुसरा घातला तर किती?

सरांनी पानाच्या कोऱ्या कडेला आकडे मांडले. साठाखाली साठ. मग त्यांचं पेन थांबलं. ते विद्यापीठात शिकलेले आहेत, ही बेरीज त्यांना येत नव्हती असं नाही.

“एकशेवीस,” ते म्हणाले.

आमच्या वर्गात कोणीतरी हसलं. गणिताच्या गुरुजींनी मागे वळून पाहिलं, पण ते रागावले नाहीत.

मॅडमनी सहीसाठी आणलेलं स्वतःचं पेन सरांच्या हातात दिलं.

“कारण पुन्हा लिही.”

सरांनी आधीचं वाक्य खोडलं. खाली नवं लिहिलं, या वेळी मराठीत. मॅडमनी ते मोठ्याने वाचलं. कोब्याला पुरेसं पाणी मिळालं नाही, एवढंच होतं.

“का?”

सरांनी पुढे जोडलं. मॅडमनी तेही वाचलं. पोती उपलब्ध नव्हती.

यावर जैवंताबाई हसल्या.

“उपलब्ध होते ना जी. गाडीत होते.”

खिडकीत आम्ही सगळेच हसलो. देवतळे सरांचा चेहरा लाल झाला. ते एकदम मॅडमकडे वळले आणि भराभर बोलायला लागले. ते म्हणाले, हे छापलं जाणार आहे. देशभर लोक वाचणार आहेत. या सिमेंटला आधीच शत्रू कमी नाहीत. एक ओळ सापडली की म्हणतील, बघा, पहिल्याच शाळेत बिघडलं. मग हे सिमेंट कोणीच हातात घेणार नाही आणि चिमणी आणखी पन्नास वर्षं तशीच धूर ओकेल. त्या चिमणीखाली हीच मुलं राहणार आहेत. एका बाईच्या कामापेक्षा ते मोठं नाही का? तिला दुसरीकडे काम मिळेल. हवं तर ते स्वतः बघतील.

हे ऐकताना मला काय झालं ते सांगता येत नाही. ते खोटं बोलत नव्हते. चिमणी खरी आहे. आमची खोकणारी माणसं खरी आहेत. आमच्याच नावाने ते आमच्या जैवंताबाईंना काढायला निघाले होते.

जैवंताबाईंनी पदर खांद्यावर घट्ट ओढला.

मॅडम उठल्या. टेबलापाशी गेल्या. ठोकळ्याखालचं पोतं दोन्ही हातांनी ओढून काढलं. ठोकळा टेबलावर उघडा राहिला. पोतं त्यांनी व्हरांड्यात आणलं आणि जिथे पूड सगळ्यात जास्त होती तिथे पसरलं. कोपरे नीट केले. पिशवीतून पाण्याची बाटली काढून ती सगळी पोत्यावर ओतली.

“मॅडम,” देवतळे सर म्हणाले, “आता त्याचा काही उपयोग नाही. चाळीस दिवस झालेत.”

“माहीत आहे.”

त्या दुसरं पोतं आणायला गेल्या. मग तिसरं. हेडसर मदतीला धावले, तर मॅडमनी हातानेच त्यांना थांबवलं. जैवंताबाईंनी न विचारता आतून पाण्याची बादली आणली. मॅडमनी ती घेतली. थोडं थोडं करून पाणी पोत्यांवर टाकत राहिल्या. साठीच्या पुढच्या असतील त्या. त्यांची साडी घोट्यापर्यंत भिजली.



टेबल उन्हात होतं.

तिन्ही ठोकळे आता उघडे होते. आधी त्यांच्या कडा पांढुरक्या झाल्या. मग कोपरे. मग वरच्या बाजूला गडद रंगाचा एकच गोल उरला आणि तो लहान होत गेला.

देवतळे सर ठोकळ्यांकडे बघत होते. त्यांनी एकदा नजर वळवली. पुन्हा तिकडेच बघितलं. त्यांनी खिशातून रुमाल काढला. तो झटकून उलगडला. टेबलाजवळ गेले आणि रुमाल ठोकळ्यावर घालायला हात पुढे केला.

हात तिथेच थांबला.

रुमाल त्यांच्या बोटांत लोंबकळत होता. त्यांनी ठोकळ्याकडे पाहिलं. मग कोब्याकडे. त्या चाळीस फूट लांब व्हरांड्याकडे त्यांनी पहिल्यांदाच या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं असेल. पायरीजवळच्या गुलाबी डागापाशी त्यांची नजर बराच वेळ थांबली.

मॅडमनी वर पाहिलं नाही. त्या पाणी टाकत होत्या.

सरांनी रुमाल खिशात कोंबला. वर्तमानपत्रावर परत गेले नाहीत. तिथेच कोब्यावर मांडी घालून बसले. पान मांडीवर घेतलं. दोन्ही वाक्यं खोडली. पुष्कळ वेळ नुसतं पेन धरून बसले. मग लिहिलं. लिहून झाल्यावर मॅडमची वाट न बघता त्यांनीच ते वाचलं. आवाज इतका बारीक होता, की आमच्या वर्गात मागच्या बाकावरची मुलं पुढे सरकली.

“दुसऱ्या दिवशी कोब्यावरची चौदाही पोती मी नेली. मागितली तरी परत पाठवली नाहीत. जैवंताबाई आत्राम यांनी चौदा दिवस हंड्यांनी पाणी आणून टाकलं.”

त्यांनी जैवंताबाईंकडे पाहिलं. काहीतरी म्हणणार होते.

“सुनेचं नाव राहिलं,” जैवंताबाई म्हणाल्या. “एक दिवस ती होती. रंजना.”

सरांनी रंजनाचं नाव घातलं.

हेडसरांनी खिशातलं पत्र काढलं आणि फाडलं. दोनदा फाडलं. तुकडे परत खिशात ठेवले, कारण व्हरांड्यात कचरा टाकायचा नाही असं तेच आम्हांला रोज सांगतात. जैवंताबाईंनी फाडलेल्या कागदाकडे पाहिलं. त्यांनी कोणाचे आभार मानले नाहीत. तांदूळ धुवायला आत निघून गेल्या. आतून पातेल्याचा आवाज जरा मोठाच आला.

देवतळे सर उठले. त्यांची पँट मागून पांढरी झाली होती. आम्ही कोणी हसलो नाही.

त्यांनी पान मॅडमसमोर धरलं. खाली रिकाम्या जागी बोट ठेवलं.

“मॅडम… सही.”

मॅडमनी बादली खाली ठेवली. ओले हात पदराला पुसले. पान वाचलं. सरांच्या हातातून आपलं पेन घेतलं आणि त्याला टोपण लावलं.

“याला सही कशाला लागते?”